साक्ष वाचून दाखवावी : मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि वडीलमंडळांना खुले पत्र

प्रति,
मराठी मंडळ्यांचे पाळक, वडीलमंडळांचे सभासद आणि संडे स्कूलचे शिक्षक यांस,

सप्रेम सलाम.

हे पत्र मी आधी एकाच मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलमंडळाला (तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना) पाठवले होते. दोन महिने वाट पाहूनही उत्तर आले नाही, म्हणून ते आता सर्वांसमोर ठेवत आहे. त्या मंडळीचे, तिथल्या पाळकसाहेबांचे किंवा शिक्षिकेचे नाव मी लिहिणार नाही, कारण झालेला प्रकार एकट्या त्या मंडळीचा नाही आणि एकाचे नाव घेतले की बाकीचे सगळे सुटल्यासारखे निःश्वास टाकतात.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातला, चार पिढ्यांचा ख्रिस्ती आहे. ३१ वर्षे मी न्यायालयांत लघुलेखक म्हणून नोकरी केली. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, शपथ घेतो, वकील विचारतात, तो सांगतो, न्यायाधीश ते वाक्यात बसवतात आणि लघुलेखक उतरवून घेतो. सर्वांत शेवटी ती साक्ष त्याला वाचून दाखवली जाते आणि ‘बरोबर आहे’ असे त्याने म्हटल्यावर खाली सही होते. नवखे वकील या वाचून दाखवण्याच्या वेळी फायली आवरत असतात. मी मात्र पाहिले आहे की सही न येणारी एखादी शेतमजूर बाई अंगठा पुढे करता करता थांबते आणि म्हणते, ‘साहेब, मी “मारलं” म्हणाले नाही, “हात उगारला” म्हणाले.’ मग ते क्रियापद दुरुस्त होते, आणि एखाद्या खटल्याचा निकाल त्या क्रियापदावर फिरतोही.

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी माझी पंधरा वर्षांची नात संडे स्कूलहून आली आणि न जेवता खोलीत जाऊन बसली. त्या दिवशीच्या पाठाचा विषय ‘विश्वासाचे सामर्थ्य’ हा होता. शिक्षिकेने मुलांना मोबाइलवर तीन-चार व्हिडिओ दाखवले. त्यांतल्या एकात चंगाई सभेच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेच्या, मंचावर हिरव्या साडीतली एक बाई उभी होती आणि खाली पिवळ्या अक्षरांत ओळ होती : ‘चौथ्या टप्प्यातील कर्करोग प्रभूने एका क्षणात नाहीसा केला.’ नात म्हणाली, ‘ही माझी आजी आहे. ती वारली.’ वर्ग गप्प झाला. शिक्षिका मंडळीत नव्या होत्या, त्यांना काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते, त्यांना मी दोष देत नाही. परंतु वर्ग सुटल्यावर नातीला बाजूला बोलावून सांगण्यात आले की लहान मुलांसमोर असे बोलू नये, त्यांचा विश्वास डळमळतो. निघताना आणखी एक वाक्य ऐकवण्यात आले, ‘थोमासारखी होऊ नकोस.’ थोमा हा येशूचा शिष्य; येशू मरणातून उठला हे त्याच्या जखमांना बोट लावल्याशिवाय मानणार नाही, असे तो म्हणाला होता.

त्या व्हिडिओत जे आहे ते घडताना मी मंचापासून दहा-बारा हातांवर उभा होतो, म्हणून माझी साक्ष ऐकीव नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये माझ्या पत्नीला अंडाशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. केमोथेरपीच्या तिसऱ्या फेरीनंतर पोटात साठणारे पाणी कमी झाले, दुखणे उतरले आणि ती पुन्हा दोन भाकरी थापू लागली. त्याच सुमारास, एप्रिलच्या अखेरीस, जवळच्या तालुक्याच्या गावी मैदानावर चंगाई सभा भरली होती. शेजारच्या बायका तिला घेऊन गेल्या, त्यांच्याबरोबर मीही गेलो. तिला मंचावर बोलावण्यात आले. सभा घेणाऱ्यांनी विचारले, ‘आता पोटात दुखतं का?’ ती म्हणाली, ‘आज दुखत नाही.’ ती जे बोलली ते एवढेच, तीन शब्द. त्यानंतर कर्ण्यावरून जे ऐकू आले, म्हणजे गाठी विरघळल्या, रोग पळाला, डॉक्टर थक्क होतील, त्यातला एकही शब्द तिचा नव्हता. टाळ्या थांबल्यावर ती खाली आली आणि घरी येताना जीपमध्ये काही बोलली नाही. सप्टेंबरमध्ये ती गेली. व्हिडिओ मात्र अजून फिरतो आहे. नाताळ आणि पुनरुत्थानदिन (ईस्टर) जवळ आले की तो कुठल्या ना कुठल्या ग्रुपवरून माझ्याच मोबाइलवर येतो, आणि खाली लोकांनी हात जोडलेले असतात.

विश्वास आणि पुरावा यांचे नाते काय, हा प्रश्न मी वाचनाच्या हौसेने काढलेला नाही. तो माझ्या घरात येऊन बसला आहे, आणि त्याला ‘प्रश्न विचारू नकोस’ हे उत्तर पुरत नाही.

आपल्याकडे हल्ली दोन गोष्टी एकाच व्यासपीठावरून, कधी कधी एकाच उपदेशात सांगितल्या जातात. पहिली ही की विश्वासाला पुरावा लागत नाही, जो पुरावा मागतो त्याचा विश्वास कच्चा. दुसरी ही की आमच्याकडे भरपूर पुरावे आहेत, हा पाहा व्हिडिओ, ही पाहा बातमी. यहोशवासाठी सूर्य थांबला असे शास्त्रात आहे, तो हरवलेला दिवस नासाच्या संगणकाला सापडला, ही बातमी मी स्वतः उपदेशातून तीनदा ऐकली आहे. नासाची स्थापना १९५८ ची आहे आणि हरवलेल्या दिवसाचा हा हिशेब अमेरिकेत टॉटन नावाच्या गृहस्थांनी १८९० मध्येच छापला होता, संगणक त्याला पुढे जोडला गेला. डार्विनने मरणशय्येवर पश्चात्ताप केला ही गोष्ट तो वारल्यानंतर ३३ वर्षांनी, १९१५ मध्ये, छापली गेली आणि त्याच्या मुलीने ती जाहीरपणे नाकारली. असे पुरावे पाच मिनिटांत मोबाइलवर तपासता येतात, आणि आपली मुले ते तपासतात. पण ज्याने ते सांगितले त्याला कुणी उलटतपासणीत विचारलेच, तर तो लगेच पहिल्या वाक्यामागे जाऊन उभा राहतो : विश्वासाला पुरावा लागत नाही. कोर्टात असा साक्षीदार दोन्ही पक्षांना नकोसा होतो.

पुरावा म्हणजे काय, हे मला नोकरीत जे कळले ते आधी सांगतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने (१ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला आहे, पण व्याख्येचा गाभा तोच राहिला आहे) ‘शाबीत’ या शब्दाची व्याख्या करताना गणितासारखी खात्री मागितलेली नाही. एखादी गोष्ट इतकी संभवनीय वाटावी की समंजस माणसाने त्या परिस्थितीत ती खरी धरून पाऊल उचलावे, म्हणजे ती शाबीत. पाहा, यात पाऊल उचलणे आहे. पुरावा माणसाला एका उंबरठ्यापर्यंत आणून सोडतो आणि उंबरठा ओलांडणे त्याच्यावर राहते. लग्न ठरवताना, शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करताना, परक्या गावी मुलाला शिकायला ठेवताना आपण हेच करतो. ज्या अर्थाने आपले धर्मशास्त्र विश्वास हा शब्द वापरते, तो अर्थ मला याच्या फार जवळचा वाटतो. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाची जी थोर यादी आहे, तिच्यातला प्रत्येक जण काहीतरी करतो : कुणी तारू बांधतो, कुणी देश सोडतो. डोळे मिटून बसलेला त्यात कुणी नाही.

आपल्या देशातल्या न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काच्या प्राचीन शास्त्राने, ज्ञानाची साधने सांगताना प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हेही प्रमाण मानले, पण अट घातली की तो शब्द आप्ताचा हवा, म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि जो खोटे बोलत नाही अशा माणसाचा. काशीचे पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे अशा वादात मुरलेले होते. मिशनऱ्यांचे म्हणणे खोडून काढायला म्हणून ते पुढे सरसावले आणि अखेर १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या गोऱ्हे झाले. त्यांच्याविषयी आपल्या संडे स्कूलमध्ये इतके सांगतात आणि थांबतात. पुढचे सांगत नाहीत, ते असे की शंका त्यांचा आयुष्यभर पिच्छा पुरवत राहिल्या आणि त्या शंकांसकट १८९५ पर्यंत, मरेपर्यंत, ते सेवेत राहिले. माझ्या मते मुलांना गोऱ्ह्यांचा बाप्तिस्मा सांगण्याहून त्यांच्या शंका सांगणे अधिक उपयोगाचे आहे.

ख्रिस्ती विश्वास हा मुळात शब्दप्रमाणावर, म्हणजे साक्षीवर उभा आहे. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या चार ओळींतच सांगतो की आपण सर्व गोष्टींचा मुळापासून नीट शोध केला आहे. पौल करिंथच्या लोकांना पुनरुत्थानाविषयी लिहिताना साक्षीदारांची यादी देतो आणि पाचशेहून अधिक बंधूंचा उल्लेख करून, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असे जोडतो. ज्याला पुरावा नकोसा आहे तो ‘अजून हयात आहेत’ हे शब्द लिहीत नाही. त्याचा अर्थ उघड आहे, जाऊन विचारा. त्याच अध्यायात पुढे एक वाक्य आहे ज्यावर मी आजवर एकही उपदेश ऐकला नाही. ख्रिस्त उठलाच नसेल, तर आम्ही देवाविषयी खोटे साक्षीदार ठरतो, असे पौल म्हणतो. म्हणजे देवाच्या बाजूने दिलेली साक्षही खोटी असू शकते, आणि देवाचा महिमा वाढवण्याच्या हेतूने ती दिली म्हणून ती खरी होत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आपण मुलांकडून पाठ करून घेतो. देवाच्या नावे खोटी साक्ष देणाऱ्याचे काय, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही.

आता थोमाकडे येतो, कारण माझ्या नातीला त्याचे नाव शिवीसारखे दिले गेले. योहानाचा विसावा अध्याय कृपया पुन्हा वाचावा. थोमा नव्हता त्या संध्याकाळी येशूने इतर शिष्यांना आपले हात आणि कूस दाखवली, तेव्हा ते हर्षित झाले. थोमाने जे मागितले ते त्यांना न मागता आधीच मिळाले होते. त्याच्याही आधी, लूक सांगतो, कबरेकडून आलेल्या स्त्रियांचे बोलणे या शिष्यांना बाष्कळ वाटले होते, म्हणजे ऐकून विश्वास ठेवण्यात तेही कमीच पडले होते. नाव मात्र एकट्याचे राहिले. शिवाय, थोमाला कुणी मंडळीतून काढले नाही, पुढल्या आठवड्यात तो त्याच खोलीत, त्याच लोकांत बसलेला आहे. येशू त्याच्यासाठी परत आला आणि त्याचेच शब्द वापरून म्हणाला, तुझे बोट इकडे आण. थोमाने बोट घातले असे शास्त्र कुठेच म्हणत नाही. चित्रकारांनी ते घातले आहे. शास्त्रात तो लगेच म्हणतो, ‘माझा प्रभू आणि माझा देव’, आणि एवढा मोठा कबुलीजबाब त्या शुभवर्तमानात दुसऱ्या कुणी दिलेला नाही. सहाव्या शतकातल्या पोप ग्रेगरींनी म्हटले होते की थोमाच्या अविश्वासाचा आपल्याला इतरांच्या विश्वासाहून अधिक उपयोग झाला. ज्या थोमाच्या नावे या देशातली सर्वांत जुनी मंडळी स्वतःला ओळखते, त्याचे नाव आपण प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या तोंडावर मारतो, हे मला चमत्कारिक वाटते.

‘न पाहता विश्वास ठेवणारे ते धन्य’ हे वाक्य मला लगेच ऐकवले जाईल, म्हणून त्याविषयीही लिहितो. न पाहता विश्वास ठेवणारे म्हणजे दुसऱ्याच्या साक्षीवर विश्वास ठेवणारे, म्हणजे आपण सगळे. ज्याने पाहिले नाही तो ज्याने पाहिले त्याच्या शब्दावर आपला जीव टाकतो. तेव्हा या वाक्याने ऐकणाऱ्यावर जेवढी जबाबदारी येते त्याहून मोठी सांगणाऱ्यावर येते. आंधळ्याला रस्ता ओलांडून देणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे असतात. ऐकणारा धन्य आहे म्हणून सांगणाऱ्याने वाटेल ते सांगावे, ही मुभा त्या वाक्यात मला कुठे दिसत नाही.

चंगाईच्या बाबतीत तर खुद्द प्रभूची पद्धत आपल्यापुढे आहे. कुष्ठरोग्याला बरे केल्यावर त्याने त्याला सक्त ताकीद दिली की कुणाला काही सांगू नको, आधी जाऊन स्वतःला याजकाला दाखव. याजक त्या काळी तपासणी करत असत आणि जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात ती तपासणी दिली आहे : याजकाने छावणीबाहेर जाऊन पाहायचे, बरा दिसला तरी माणसाने सात दिवस आपल्या तंबूबाहेर राहायचे आणि आठव्या दिवशी पुढचे विधी. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा झाला आहे, आधी कर्णा आणि तपासणी कधीच नाही. रोमन कॅथलिक बांधवांच्या लूर्द या फ्रान्समधल्या तीर्थक्षेत्राला आम्ही प्रॉटेस्टंट लोक जरा हसतो, पण तिथे १८८३ पासून वैद्यकीय तपासणीचे कार्यालय आहे, कोणत्याही धर्माच्या डॉक्टरला त्यात भाग घेता येतो, बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे तिथे नोंदले गेले आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. २००८ मध्ये बऱ्या झालेल्या एका फ्रेंच साध्वीचा दावा मान्य व्हायला २०१८ उजाडले. दहा वर्षे थांबल्याने देवाचे काही बिघडले नाही. कॅथलिक लोकही सगळीकडे असेच वागतात असे नाही. २०१२ मध्ये विलेपार्ल्यात क्रूसावरील मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले, तेव्हा तुंबलेल्या पाण्याची ओल केशाकर्षणाने भिंतीतून वर चढते असे एका बुद्धिवाद्याने दाखवून दिले, आणि त्याच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या. तो माणूस देश सोडून गेला. त्या वेळी मी नोकरीत होतो. नळ कुठे गळतो ते दाखवणाऱ्यावर फिर्याद करण्याइतका आपला देव नाजूक कधी झाला, असे मला तेव्हाही वाटले होते.

पुराव्याने सगळे होते असे माझे म्हणणे नाही. पंडिता रमाबाईंकडे पाहा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो वाचून, वाद घालून, पटवून घेऊन. त्यानंतरही पटले नाही ते त्यांनी मानले नाही. ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता होत्या, त्यांना १८८५ मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिले की भटभिक्षुकांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसलेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही. अशी बाई आपल्या वडीलमंडळापुढे आज उभी राहिली तर आपण तिला काय म्हणू, याची मला कल्पना आहे. पण याच रमाबाईंनी उतारवयात लिहून ठेवले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. युक्तिवादाने त्यांना दारापर्यंत आणले, आत जाणे वेगळे होते आणि त्याला आठ वर्षे लागली. मात्र त्या आठ वर्षांत विचारलेल्या प्रश्नांबद्दल त्यांनी माफी मागितली नाही, हेही लक्षात घ्यावे.

फ्रान्समधला शास्त्रज्ञ पास्काल हा असाच दुसरा. हवेला वजन असते हे दाखवण्यासाठी त्याने आपल्या मेहुण्याला १९ सप्टेंबर १६४८ रोजी पाऱ्याची नळी घेऊन डोंगरावर चढायला लावले. वर पारा सुमारे तीन इंच उतरला. पायथ्याच्या मठात तशीच दुसरी नळी दिवसभर ठेवून तिच्यावर एका संन्याशाला लक्ष ठेवायला बसवले होते, तिचा पारा हलला नाही, म्हणून वरचे निरीक्षण खरे. सहा वर्षांनी, नोव्हेंबर १६५४ मधल्या एका रात्री, या माणसाला देवाचा असा अनुभव आला की त्याने तो कागदावर टिपून अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवला. त्यात त्याने लिहिले की हा अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. तो कागद त्याने कुणाला पुरावा म्हणून दाखवला नाही. १६६२ मध्ये तो वारल्यावर नोकराच्या हाताला अस्तरात काहीतरी जाड लागले, तेव्हा जगाला कळले. पारा डोंगरावर चारचौघांत मोजायचा आणि ती रात्र अस्तरात ठेवायची, कुठली गोष्ट कुठे न्यायची याची ही समज मला आपल्या सभांत दिसत नाही. आपण नेमके उलट करतो.

माझ्या पत्नीचा विश्वास पुराव्यावर नव्हता. जूनमध्ये पाणी पुन्हा साठू लागले आणि तिला काय ते कळले. ऑगस्टमध्ये उठणे बंद झाल्यावर ती ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक उशाशी घेऊन पडून राही, वाचत नसे, पानांवरून बोट फिरवी. त्याच दिवसांत मंडळीतले काही जण भेटायला आले आणि बाहेरच्या ओट्यावर, तिला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले की मंचावर चंगाई मिळाली होती, टिकवता आली नाही, विश्वास कुठेतरी कमी पडला. ते गेल्यावर तिने मला विचारले, ‘अहो, मी सभेत खोटं बोलले का?’ मी म्हणालो, ‘नाही. तू म्हणालीस, आज दुखत नाही. त्या दिवशी दुखत नव्हतं.’ ‘मग तेवढंच लिहा म्हणावं त्यांना,’ ती म्हणाली. मी कुणाला काही म्हटले नाही. मंडळीत वितुष्ट नको, लोक काय म्हणतील, देवाच्या कामात खोडा घातला असे होईल, ही माझी कारणे. ३१ वर्षे दुसऱ्यांच्या साक्षी अक्षर न चुकवता उतरवणाऱ्याने बायकोच्या साक्षीत भर पडलेली पाहिली आणि तो गप्प राहिला. हा दोष माझा आहे, आणि हे पत्र आठ वर्षे उशिरा लिहिले जात आहे.

विश्वास कमी पडला असे रोग्याला सांगणाऱ्यांना मी शास्त्रातलीच काही माणसे आठवून देतो. पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो गेला नाही. तीमथ्याला त्याने पोटाच्या आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, सभेला बोलावले नाही. त्रफिमाला तो मिलेतात आजारी सोडून पुढे गेला, आणि हे लिहायला त्याला लाज वाटली नाही. हिज्कीया राजाची प्रार्थना ऐकली गेली, तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिराचे पोटीस बांधायला लावले. जन्मांधाविषयी पाप कुणाचे असे शिष्यांनी विचारले तेव्हा, याचे नाही आणि याच्या आईबापांचेही नाही, असे उत्तर आले. ज्यांनी हे सगळे लिहून ठेवले त्यांना न झालेल्या चंगाईची भीती नव्हती.

माझी मागणी मोठी नाही. चंगाईची साक्ष व्यासपीठावर येण्याआधी त्या माणसाचे कागद डॉक्टरने पाहावेत आणि काही महिने जाऊ द्यावेत. तो जे बोलला तेच लिहावे आणि लिहिलेले त्याला वाचून दाखवावे. औषध सोडा, असे मंडळीच्या नावाने कुणी सांगत असेल तर त्याला तिथेच थांबवावे. त्यासाठी जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण करून द्यावी लागू नये. जी गोष्ट खोटी निघाली ती ज्या व्यासपीठावरून सांगितली त्याच व्यासपीठावरून मागे घ्यावी, कोपऱ्यात कुजबुजून नव्हे. आणि ज्यांना बरे वाटले नाही त्यांनाही कधीतरी साक्ष द्यायला बोलवावे. मंडळीत असे पुष्कळ आहेत, मागच्या बाकांवर बसतात. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ असे रडत म्हणणाऱ्या बापाला येशूने परत पाठवले नव्हते, त्याच्या मुलाला बरे केले होते. ती प्रार्थना आपल्या उपासनेत मोठ्याने म्हणायला कुणाला अवघड वाटू नये. तो व्हिडिओ ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो पुसावा, पुढे पाठवलेला असेल तिथे खुलासा पाठवावा, ही विनंती मी पती म्हणून स्वतंत्रपणे करतो.

नातीला यंदा दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीच्या, वर्गाला बसायचे होते. बसायचे की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही आणि मी तिला घाई करत नाही. तिला आपल्याला एक प्रश्न विचारायचा आहे. तो तिने सांगितला तसा मी उतरवून घेतला, तिला वाचून दाखवला, आणि बरोबर आहे असे तिने म्हटले : ‘आजी जे म्हणाली होती ते खरं होतं, मग तेवढंच का नाही सांगितलं?’ उत्तर मला नको, तिला द्यावे.

आपला बंधू,
एक निवृत्त लघुलेखक